निरोप घेऊन राहिलेले मालक

कंपनीजवळच्या माण गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या आजोबांबद्दल. नोकरी कुठं, लग्न झालंय का, खोलीवर कोण कोण येणार, या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती, कारण त्याआधी तीन-चार घरांत तेच विचारून झालं होतं. हे मात्र जिन्याखाली खुर्ची टाकून बसले होते. अंगात बंडी, खाली धोतर आणि पायात नवेकोरे पळायचे बूट. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "आजा किती जगला?"

"कुणाचा?"

"तुजा. बापाचा बाप."

"ब्याण्णव वर्षं."

"आन आईकडला?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, समाधानानं. "घे मग खोली. तू टिकशील."

करार अकरा महिन्यांचा होता.

मालक तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. मी आणि इमारतीतली बाकीची पोरं त्यांना आधी आजोबा म्हणायचो. ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. "आजोबा न्हाई, मालक म्हनायचं. आजोबाला काम न्हाई, मालकाला हाय." आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. भाडेकरू येतात आणि जातात, नावं कुठवर पाठ करायची, असा त्यांचा हिशेब. ते आम्हाला गावावरून हाक मारायचे. वरच्या मजल्यावर सोलापूर आणि बुलढाणा, समोर जळगाव, मी परभणी. एकदा जळगाव नोकरी बदलून बंगळूरला गेला आणि त्या खोलीत नांदेड आला, तर मालक पंधरा दिवस त्यालाही जळगावच म्हणत होते. खोलीचंच नाव होतं म्हणा ना ते.

आजा किती जगला, हे ते सगळ्यांनाच विचारायचे. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला, मतदारयाद्या तपासायला आलेल्या बाईंना, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या पाहुण्यांना. त्याच्यामागं कारण होतं आणि ते मला त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे आम्ही ज्यांना काकू म्हणायचो त्यांनी, सांगितलं.

मालकांच्या घरात साठी कुणी बघितलीच नव्हती. आजा त्याच्या कितीतरी आधी गेला, वडील पंचावन्नच्या आत गेले, थोरला भाऊ सत्तावन्नला. मालकांना अठ्ठावन्नावं लागलं तेव्हा त्यांनी ठरवलं की आता आपला नंबर. ते घाबरले नाहीत. त्यांनी तयारी केली. जमीन मुलाच्या नावावर करून दिली. बायकोसाठी विहिरीजवळ एक खोली बांधली. तिथल्या तिथं सरणाचं जळण रचून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी पावसाळा असला तर पोराची धावपळ नको. मग सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं आणि पंगत बसल्यावर एकेकापुढं जाऊन हात जोडले. माझं काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. चुलतभावाशी बांधावरून वीस वर्षं अबोला होता, तो चुलतभाऊसुद्धा त्या दिवशी गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, बांध तुझाच होता.

आणि मग मालक मेले नाहीत.

साठ गेलं. बासष्ट आलं. जळण थोडं थोडं करत अंघोळीच्या बंबात गेलं. चुलतभाऊ वर्षभर गप्प राहिला, दुसऱ्या वर्षी मात्र त्यानं मालकांना चावडीपाशी गाठलं. "तू जानार म्हनून म्या बांध सोडला. आता तू जात न्हाईस, तर माजा बांध मला दे." दोघांचा अबोला परत सुरू झाला तो चुलतभाऊ जाईपर्यंत. तो गेला वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. मालक म्हणायचे, "त्येला बी वाटलं नव्हतं, एवढं भांडायला मिळंल."

ही गोष्ट ते रंगवून सांगायचे आणि आम्ही हसायचो. पण त्यातला एक भाग ते सांगत नसत. तो मला पुढं कळला.

मी राहायला गेले त्याच वर्षी पंचायतीनं ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार ठेवला होता. पंच्याऐंशीच्या पुढच्या सगळ्यांना शाल आणि नारळ. मालकांना न्यायला गाडी आली, पण ते बूट घालून चालत गेले. मीही गेले, कारण रविवार होता. मंडपात बघते तर स्टेजवर बसलेली मंडळी जास्त आणि खाली बसलेली कमी. खालच्यांतही बरेचसे सत्तरीचे. पाहुण्यांनी भाषण केलं की ही पिकली पानं म्हणजे गावाचं वैभव वगैरे. मालकांच्या हातात माईक आला तेव्हा त्यांनी आधी शाल घडी करून मांडीवर ठेवली.

"म्या ल्हान हुतो," ते म्हणाले, "तवा गावात म्हातारं मानूस म्हंजे यकच. एक आबा हुते. समदं गाव त्येंच्या पाया पडायचं. आता बगा. आमी हितं वर बसलोय, आन मान द्यायला खाली मानसंच उरली न्हाईत. आमी काय केलं? काय न्हाई. फकस्त जगलो. त्याला सत्कार कशापायी?"

लोक हसले. सरपंच जरा चुळबुळले.

"सत्कार नगं. बाकं द्या. हितनं बस थांब्यापतुर टेकायला येक जागा न्हाई. म्हातारं मानूस चालत न्हाई असं न्हाई. मधी टेकायला मिळत न्हाई, म्हनून ते घरी बसतंय. घरी बसलं का मग तुमाला वाटतं, ते झिजलं."

तीन महिन्यांनी रस्त्याला चार बाकं आली. प्रत्येकाच्या पाठीवर कुण्या दात्याचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. मालक रोज वेगवेगळ्या बाकावर बसून बघायचे आणि कुठलं डगमगतं त्याची तक्रार संध्याकाळी पंचायतीत नेऊन द्यायचे.

मालकांचा मुलगा, आमचे काका, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पिरंगुटच्या बाजूला काचेच्या एका कारखान्यात त्यांनी सारी हयात फोर्कलिफ्ट चालवली होती. माणूस सरळ, कमी बोलणारा. त्यांच्या हृदयात एक स्टेंट टाकावा लागला. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, चाला-फिरा. पण काका जे खाटेवर बसले ते बसलेच. सकाळी चहा खाटेवर, जेवण खाटेवर, समोर टीव्ही. काही म्हटलं की, "झालं आता आपलं. आता काय राह्यलंय." वय त्रेसष्ट. आणि बाहेर त्यांचे सत्त्याऐंशीचे वडील टाकीवर चढून पाणी थांबवणारा तरंगता गोळा दुरुस्त करतायत. काकू मला म्हणाल्या, "माझ्या घरात म्हातारा कोन अन् पोर कोन, हेच मला समजंना झालंय."

एके सकाळी मी ऑफिसला निघाले तर मालक स्कूटीपाशी उभे. टोपी घातलेली, बूट बांधलेले. "परभणी, मला तुज्या कंपनीच्या गेटापाशी सोड."

"काय काम काढलंत?"

"पोराला काम बघायचंय."

मला वाटलं नातवाचं म्हणतायत. नातू भूगावला फ्लॅटमध्ये राहायचा, त्याचं काहीतरी बिनसलं असेल. गेटवर बिहारकडचा एक पहारेकरी होता, पंचविशीतला. मालकांनी त्याला रामराम घातला आणि आपल्या हिंदीत सुरुवात केली.

"साब, हमारे लडके के लिए कुछ काम है क्या?"

"क्या पढ़ा है?"

"गाडी चलाता है. बडी गाडी. काच का माल उठाता था, एक तडा न्हाई गया कभी."

"उमर कितनी है?"

"तिरसठ चालू है."

पहारेकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी स्कूटीच्या आरशाकडं बघितलं. तो म्हणाला, "बाबा, मजाक मत करो."

"मजाक नहीं. लडका अच्छा है. बीडी भी नहीं पीता. सिरफ घर में बैठ के खराब हो रहा है."

पहारेकरी हसायला लागला, पण मग हसता हसता थांबला. त्याचे वडील छप्पन्नचे होते म्हणे आणि गावी असेच खाटेवर बसले होते, मुलगा कमावता झाला म्हणून. त्यानं मालकांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की पुढं ती नवी मोठी सोसायटी झालीय, दहा-बारा टॉवरांची, तिथं आत म्हाताऱ्या लोकांना ने-आण करायला बॅटरीवरची गाडी घेतलीय आणि तिला ड्रायव्हर शोधतायत. जवान पोरं येतात आणि महिन्यात सोडून जातात.

त्या संध्याकाळी खालच्या घरात आवाज चढले. मी जिन्यातच थांबले, कारण दार उघडं होतं आणि वाट तिथूनच होती. काका म्हणत होते, "गावात माजी शोभा करून आलायसा. त्रेसष्ट वर्साच्या मानसासाठी बाप काम मागत फिरतोय. मला सुखानं पडू द्या की, आन्ना."

मालक खाटेच्या कडेला बसले. मग बोलले ते अगदी हळू.

"म्या हेच केलं हुतं, लेका. समद्यांना जेवू घातलं, निरोप घेतला, आन मग दोन वर्सं खाटंवर बसून वाट बघितली. तुजी आय शेतात राबत हुती. तू कामाला जात हुतास. पोरं अंगनात खेळत हुती, मला हाका मारत हुती. म्या म्हनायचो, नगं, माजं आता झालं. दोन वर्सं. कोन बी आलं न्हाई न्यायला. ती दोन वर्सं मला आजून आठवत्यात. तुज्यापुढं आजून पंचवीस हायेत. त्येंचं काय करनार हायस, ते सांग, मग पड."

काकांनी टीव्ही बंद केला. एवढंच मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक सोसायटीत गेले. तिथल्या व्यवस्थापकानं, तिशीतला मुलगा होता, आधी नाही म्हटलं. "काका, रिटायर झालेल्यांना आम्ही घेत नाही हो. वयाचा प्रश्न येतो."

मालकांनी विचारलं, "गाडीत बसनार कोन?"

"आमचे सीनियर सिटिझन्स."

"मग त्येंला तरणा डायव्हर कशाला? त्यो गचके देनार. ह्याला कंबर हाय. ह्याला कळतं."

चाचणी म्हणून काकांनी एका आजींना बसवून एक फेरी मारली. आजी उतरताना म्हणाल्या, पोटातलं पाणी हललं नाही. काकांना नोकरी लागली. पहिल्या दिवशी मालक पुढच्या सीटवर बसून पूर्ण सोसायटी फिरले आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "पोरगं मार्गी लागलं."

त्याच्या पुढच्या वर्षी माझी आई गेली. बाबा परभणीला एकटे पडले. बाजार समितीत कारकून होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. मी एकुलती. नातेवाइकांनी दबक्या आवाजात सांगून बघितलं की मुलीच्या घरी कायमचं राहणं बरं दिसत नाही. बाबांनाही ते पटत होतं. ते आले ते एक लहान पिशवी घेऊन. "चार दिवस राहीन आणि जाईन. मला काय, आता कुठंही बसलं तरी सारखंच." दाढी वाढलेली. शर्टाचं एक बटण तुटलेलं, ते लावून द्यायला आई नव्हती आणि ते स्वतः लावावं असं त्यांना सुचलं नव्हतं.

मी त्यांना घेऊन जिना चढत होते तर मालकांनी खुर्चीतून विचारलं, "ह्यो ब्याण्णववाल्याचा पोरगा व्हय?"

"हो. माझे बाबा."

"वय?"

"अडुसष्ट झालंय," बाबा म्हणाले, जसं काही आजाराचं नाव सांगावं तसं.

"मग बराच येळ हाय तुला. बस पोरा. च्या घे."

बाबा अवघडून बसले. चहा प्याले. वर आल्यावर त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "त्यो मला पोरा म्हणायलाय." मी म्हटलं, त्यांचं मनावर घेऊ नका, ते सगळ्यांना काहीही म्हणतात. बाबा म्हणाले, "न्हाई न्हाई. म्हणू दे की. माय गेल्यापासून कुणी म्हणलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते दाढी करून, सुईदोरा कुठं असतो म्हणून विचारत होते.

मालकांनी त्यांना लगेच कामाला लावलं. इमारतीची पाण्याची मोटर आता परभणीच्या बापाकडं. कधी चालू, कधी बंद, कुणाच्या नळाला कमी येतं, सगळं. आठवड्याभरात वरच्या मजल्यावरची पोरं बाबांना फोन करून विचारू लागली की काका, अंघोळीला किती वाजता उठू. बाबा ऐटीत वेळ द्यायचे. चार दिवसांचे चार महिने झाले, मग परभणीचं घर भाड्यानं दिलं. काका कामावरून आले की दोघं बाकावर जाऊन बसायचे, मधे मालक. ते दोघांना दटावायचे, पाठ वाकवून बसू नका म्हणून. सत्तरीच्या अलीकडपलीकडची दोन माणसं निमूट सरळ व्हायची. वर राहणारी सोलापूर म्हणायची, यांच्याकडं बघून मला पेन्शनची भीतीच वाटेनाशी झालीय.

नव्वदी उलटल्यावर मालकांना एकदा खोकला झाला आणि तो जाईना. मी आणि काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, पण त्यानं फाईल न उघडताच हसून म्हटलं, "आजोबा, वय झालंय आता."

"वयाचं म्या बघतो," मालक म्हणाले. "तुमी खोकल्याचं बघा."

डॉक्टरनं मग खरोखर छाती तपासली, एक्स-रे काढला, औषध बदललं आणि खोकला गेला. मालकांनी त्याला जाऊन सांगितलं. जाताना त्यालाही विचारलंच, आजा किती जगला.

ते गेले ते एका साध्या सकाळी. वय एक्क्याण्णव. चहा पिऊन खुर्चीवर बसले होते, बाबांना म्हणाले मोटर बंद कर, टाकी भरली. बाबा बंद करून आले तेवढ्यात.

भावकी जमली. माण, भरे, कुठून कुठून माणसं आली. सगळ्यांच्या बोलण्यात एकच. सोनं झालं. भरून पावले. पणतू बघितले, आणखी काय पाहिजे. कुणी दुःख करायचं कारण नाही. बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि पुढच्या क्षणाला चहा कुणी कुणी घेतला याची चौकशी करायच्या. त्यात वावगं काही नव्हतं. एवढ्या वयाच्या माणसासाठी कसं रडायचं, हे कुणालाच नीट माहीत नसतं.

आणि तेव्हा काका रडायला लागले. सदुसष्ट वर्षांचा, डोक्याचे केस पांढरे झालेला, स्वतः आजोबा असलेला माणूस. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. थांबेचनात. लोकांना अवघडल्यासारखं झालं. एक पाहुणे पुढं होऊन म्हणाले, "अहो दादा, आवरा. तुमी वडीलधारी झाला आता. नव्वदी पार केलेला मानूस. असं रडतंय व्हय कोन?"

माझे बाबा अशा ठिकाणी कधी तोंड उघडत नाहीत. परक्या गावात तर नाहीच. ते उठले, काकांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "रडू द्या त्याला. बाप गेलाय त्याचा."

मग सगळ्यांनी काकांना हवं तेवढं रडू दिलं.

तेरावं झाल्यावर काका कामावर गेले. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि बाबा म्हणाले, चल, बघून येऊ. सोसायटीच्या फाटकातून काकांनी आम्हाला मागच्या सीटवर घेतलं. गाडीत आधीच तिघं-चौघं होते, कुणी देवळात निघालेलं, कुणी नुसतंच फिरायला. त्यांना सगळं कळलेलं होतं. या वयाच्या माणसांत अशी बातमी लवकर पोचते. पण कुणी म्हणालं नाही की सोनं झालं, किंवा चांगलं जगले. पहिल्या वळणावर पुढं बसलेल्या एक आजी, आधाराच्या काठीवर दोन्ही हात ठेवून, म्हणाल्या, "कसे होते हो तुमचे वडील?"

काकांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मग मागं वळून बसले आणि सांगायला लागले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ऊन वर येत होतं, देवळात आरतीची घंटा वाजून गेली, मागून दूधवाला आला तो वळसा घालून गेला. काका सांगत होते. गाडीत कुणालाही कुठं पोचायची घाई नव्हती.